लुगड्याआडचा ‘खरा पुरुष’

(धाराशिव जिल्ह्यातील कार्यकर्त्यांपुढे केलेल्या भाषणाचा मजकूर)



तुळजापूरच्या नवरात्रात किंवा येरमाळ्याला येडाईच्या चैत्री यात्रेत ज्याने काही तास काढले आहेत, त्याला लुगडे नेसलेला, मळवट भरलेला, गळ्यात कवड्यांची माळ आणि हाती परडी घेतलेला पुरुष आराधी अनोळखी नाही. त्याच्यापुढे माणसे वाकतात, परडीत जोगवा घालतात. यात्रेच्या त्याच गर्दीतला माणूस रात्री तमाशाच्या तंबूत शिरतो आणि नाच्याने कमरेवर हात ठेवताच पोट धरून हसतो. हा नमस्कार आणि हे हसू यांच्यामध्ये मराठी चित्रपट उभा राहिला, आणि बहुतेक काळ तो हसण्याच्या बाजूला झुकलेला राहिला. नमस्कारालाही फार भाळण्याचे कारण नाही. देवीचा माणूस म्हणून पाया पडणारा समाज, यात्रा उठल्यावर त्याच माणसाला रोजगार देताना हात आखडता घेतो.

कोल्हापूरचे गणपत पाटील २००८ साली वारले. तमाशाप्रधान चित्रपटांच्या लाटेत त्यांनी नाच्या असा रंगवला की त्या भूमिकेसाठी दुसरे नाव कोणाला सुचेना. पुढे लोकांनी पडद्यावरचे सोंग हेच त्यांचे खरे रूप मानले. बायकामुलांच्या या संसारी माणसाला रस्त्यात टोमणे ऐकावे लागले, घरच्यांनाही त्याची झळ बसली. ही हकिकत नेहमी हळहळीने सांगितली जाते आणि हळहळ रास्तच आहे. मात्र तिच्यात एक कबुली दडलेली असते. पाटील ‘तसे’ नव्हते म्हणून त्यांच्यावर अन्याय झाला, असे आपण म्हणतो. ते खरोखरच तसे असते, तर ते टोमणे योग्य ठरले असते काय? हा प्रश्न कोणी विचारत नाही.

पुढच्या काळातील दोन गाजलेल्या आणि गुणवान चित्रपटांनाही हाच प्रश्न विचारावा लागतो. राजीव पाटील यांचा ‘जोगवा’ २००९ साली पडद्यावर आला. राजन गवस आणि चारुता सागर यांच्या लेखनावर तो आधारलेला होता. त्यातील तायप्पा या जोगत्याच्या भूमिकेसाठी उपेंद्र लिमये यांना राष्ट्रीय पुरस्कार मिळाला. पाठोपाठ २०१० च्या आरंभी आनंद यादवांच्या कादंबरीवरचा ‘नटरंग’ आला. रवी जाधव दिग्दर्शक, अतुल कुलकर्णी नायक. देवदासी प्रथेचे क्रौर्य आणि कलावंताची विटंबना या चित्रपटांनी घराघरांत पोहोचवली, हे त्यांचे ऋण नाकारता येणार नाही. पण दोन्हींचा कणा पाहा. तायप्पाला लुगडे बळजबरीने नेसवले गेले आहे. आतला पुरुष जिवंत आहे आणि तो एका स्त्रीवर प्रेम करतो. गुणा कागलकर पिळदार अंगाचा गडी आहे, फड चालावा म्हणून तो नाच्या होतो. प्रेक्षकाने डोळे पुसावेत यासाठी दोन्हीकडे त्याला एक हमी दिली आहे: लुगड्याआड खरा पुरुष आहे. ज्याला ते लुगडे आपलेच वाटते, ज्याचा जीव पुरुषावर जडतो, तो या करुणेच्या मांडवाबाहेरच उभा राहतो.

चित्रण असे असल्यावर भूमिका कोणाला द्यायची हा प्रश्न उपस्थितच होत नाही. पुरुषाची गोष्ट आहे, पुरुष नटाने केली. प्रश्न खरा उभा राहतो तो पात्र खरोखर तृतीयपंथी असते तेव्हा. २०२३ साली ‘ताली’ ही मालिका आली. तिचे दिग्दर्शकही रवी जाधवच. तृतीयपंथीयांच्या हक्कांसाठी झगडणाऱ्या गौरी सावंत यांचे जीवन तिचा विषय, आणि भूमिका सुश्मिता सेन यांची. खुद्द सावंत यांनी या निवडीचे स्वागत केले. तरी तृतीयपंथी अभिनेत्रीला ही संधी का नाही, असा सवाल झालाच.

यावर उत्तर तयार असते. नटाचे काम परकायाप्रवेशाचे आहे. बालगंधर्वांना कोणी स्त्री असल्याचा दाखला मागितला नव्हता. शिवाय सुताराच्या मुलाने सुतारच व्हावे या व्यवस्थेशी ज्या चळवळीने उभा जन्म वैर धरले, तिने जन्मावरून भूमिका वाटाव्यात हे तिला शोभेल काय? आक्षेप पोकळ नाही आणि समाजवाद्याने तो झटकून टाकू नये.

पण परकायाप्रवेशाचे हे दार एकाच बाजूने उघडते. प्रस्थापित नटाला तृतीयपंथीयाच्या कायेत जाता येते. तृतीयपंथी कलावंताला शिक्षिकेची, तलाठ्याची, शेतकऱ्याच्या आईची भूमिका कोण देतो? बाहेरच्या भूमिका बंद आणि स्वतःची भूमिका दुसऱ्याला, मग त्याच्या वाट्याला उरते रेल्वेच्या डब्यातील दृश्यात टाळी वाजवणाऱ्या घोळक्यातली एक जागा. डॉ. लोहियांनी जातीच्या संदर्भात सांगितले ते इथे तंतोतंत लागू पडते. विषमांना समान संधी दिली की विषमताच बळावते. मागे ठेवलेल्यांना विशेष संधी द्यावी लागते. शंभरात साठ जागांची मागणी करताना, साठांपैकी प्रत्येक जण आजच निपुण आहे असा दावा समाजवाद्यांनी केला नव्हता. संधीतून निपुणता येते, असे त्यांचे म्हणणे होते. दक्षिणेकडे याचे प्रत्यंतर आले आहे. २०१९ साली प्रदर्शित झालेल्या ‘पेरन्बू’ या तमिळ चित्रपटात मामूट्टींसमोर अंजली अमीर या पारलिंगी अभिनेत्री उभ्या राहिल्या. २०२२ साली केरळ राज्याच्या चित्रपट पुरस्कारांत नेघा एस. यांचा गौरव झाला.

समलिंगी पात्रांबाबत मात्र जरा थांबून विचार केला पाहिजे. तिथे ‘तू खरा आहेस काय’ असे नटाला विचारणे म्हणजे भूमिकेच्या मोबदल्यात कबुलीजबाब मागणे होय. सर्वोच्च न्यायालयाने २०१८ साली संमतीच्या समलिंगी संबंधांवरचा गुन्ह्याचा शिक्का पुसला. कळंब-भूमच्या वाडीवस्तीवरचा शिक्का त्या निकालाने पुसला गेला नाही. तिथल्या एखाद्या पोराला पडद्यावर यायचे असेल तर त्याच्या गळ्यात आधी पाटी अडकवू नये. अशा ठिकाणी खरेपणाची जबाबदारी लेखकाने आणि दिग्दर्शकाने उचलायची असते.

ती कशी उचलावी हे रोहन कानवडे यांच्या ‘साबर बोंडं’ने दाखवले. स्वतः समलिंगी असलेल्या या दिग्दर्शकाच्या चित्रपटाला २०२५ साली अमेरिकेतील सनडान्स महोत्सवात जागतिक कथापटांच्या विभागाचे सर्वोच्च परीक्षक-पारितोषिक मिळाले. वडील वारले म्हणून मुंबईचा आनंद दहा दिवसांच्या सुतकासाठी गावी येतो, तिथे बालपणीचा मित्र बाळ्या भेटतो, एवढीच गोष्ट. दोघांमागे लग्नाचा तगादा आहे, भावकीची नजर आहे. टाळी नाही, ठुमका नाही, छातीठोक भाषणही नाही. आई मुलाला ओळखून आहे आणि त्याच्या बाजूने आहे. या चित्रपटाला प्रेक्षकाकडून दया नको आहे, म्हणून त्याला ‘खऱ्या पुरुषा’ची हमीही द्यावी लागत नाही. तमाशाच्या तंबूतून हसत बाहेर पडलेल्या माणसाने हा चित्रपट पाहिला, तर त्याला त्यात आपल्या गल्लीतले कोणीतरी दिसेल.

आता घरची झाडलोट. निळू फुले, राम नगरकर, दादा कोंडके ही माणसे सेवादलाच्या कलापथकातून आली, हे समाजवाद्यांनी अभिमानाने सांगावे. त्या परंपरेत गवळणीतील मावशीही आहे. लुगडे नेसून हशा पिकवणारा पुरुष, ही लोकनाट्याची हुकमी जागा. मावशीला हद्दपार करण्याचे कारण नाही. तिची हजरजबाबी जीभ राजालाही सोडत नाही आणि तीच तिची खरी ताकद. हशा तिच्या बोलण्यावर पिकतो की तिच्या चालण्यावर, एवढे तालमीत पाहिले तरी पुष्कळ झाले.

महाराष्ट्र सरकार दर्जेदार मराठी चित्रपटांना अनुदान देते. तो पैसा बालाघाटच्या कोरडवाहू शेतकऱ्याच्याही करातून येतो. अनुदान घेणाऱ्या चित्रपटात तृतीयपंथी पात्र असेल, तर त्या समाजातील किती जणांना लेखनात, अभिनयात, वेशभूषेत काम मिळाले आणि मजुरी किती मिळाली, हे विचारण्याचा अधिकार आमदारांना आहे. विधिमंडळाच्या पुढल्या अधिवेशनात तो प्रश्न यावा म्हणून जिल्ह्यातील कार्यकर्त्यांनी निवेदन तयार करावे. ते लिहिताना आराध्यांच्या पालांवर जाऊन त्यांच्यातील कलावंतांना सोबत बसवावे.