कापडाला चिकटलेला पुरावा

अमेरिकेच्या कनेक्टिकट राज्यातलं लाइम हे एक छोटं गाव. तिथल्या मुलांचे गुडघे एकामागून एक सुजू लागले. इतक्या मुलांना एकदम संधिवात कसा, असं दोन आयांनी आरोग्य खात्याला विचारलं आणि १९७५ मध्ये तपास सुरू झाला. संशय गोचिडीवर होता. जंतू मात्र १९८१ मध्ये हाती लागला, तोही भलताच जंतू शोधताना! न्यूयॉर्कच्या शेल्टर बेटावरून आलेल्या गोचिडी तपासताना विली बर्गडॉर्फर यांना त्यांच्या आतड्यात मळसूत्रासारखे जिवाणू दिसले. पुढे जिवाणूला त्यांचंच नाव मिळालं.

आता अमेरिकेत अशा गोचिडींची नियमित पाहणी होते, आणि तिचं साधन अगदी साधं आहे. मीटरभर लांब-रुंद पांढरं कापड, कडेला काठी, काठीला दोरी. संशोधक पँटचे पाय मोज्यांत खोचतात आणि हे कापड गवतावरून, पालापाचोळ्यावरून ओढत नेतात. गोचीड उडत नाही, उडीही मारत नाही. ती पात्यावर चढून पुढचे पाय पसरून बसते आणि जवळून जाईल त्याला धरते. म्हणून दर दहा-वीस मीटरवर थांबायचं, कापड उलटून पाहायचं, सापडेल ती गोचीड चिमट्याने कुपीत टाकायची. गोचिडींची दाटी ठरवायला एका जागी निदान ७५० चौरस मीटर जागेवरून कापड फिरवावं लागतं. गवत ओलं असेल तर मेहनत वाया.

नुसती संख्या मात्र फसवी असते.

अंड्यातून निघालेल्या गोचिडीत हा जंतू नसतो. तो येतो उंदरासारख्या प्राण्याच्या रक्तातून. या आजारासाठी बदनाम झालेलं हरीण मोठ्या गोचिडींना पोसतं, पण जंतू देत नाही. कॅलिफोर्नियात तर एका सरड्याचं रक्तच गोचिडीतला जंतू मारतं. त्यामुळे पकडलेल्या गोचिडी प्रयोगशाळेत पीसीआर चाचणीने तपासाव्याच लागतात.

ईशान्य अमेरिकेत पूर्ण वाढलेल्या गोचिडींपैकी जवळपास निम्म्यांत जंतू सापडतो, अर्धवट वाढलेल्यांत त्याहून बराच कमी. तरी जास्त आजार पसरवते ती ही धाकटीच. ती खसखशीएवढी, फिरते ऐन उन्हाळ्यात, माणसं बागेत-रानात असतात तेव्हा. जंतू अंगात शिरायला बहुधा चोवीस तासांहून अधिक वेळ लागतो, आणि तोवर ती कुणाला दिसत नाही. म्हणून ठरावीक जागेत जंतू असलेल्या धाकट्या गोचिडी किती, हाच आकडा कामाचा.

आपल्याकडे सिंधुदुर्गात आणि गोव्यात आढळणारा माकडताप हा वेगळा, विषाणूचा आजार. पण त्याच्या शोधासाठीही जंगलात असंच कापड फिरवून गोचिडी गोळा करतात.