ख्रिस्तसभेचे पुत्र
(ज्युबिलीनिमित्त भरलेल्या सभेंत केलेलें भाषण)



ज्युबिलीच्या ह्या मंगल दिनीं आपण मंदिराच्या भिंतींचें व घंटेचें कौतुक करतों, तें योग्यच आहे. परंतु धर्मग्राम म्हणजे भिंती नव्हेत, माणसें होत. त्या माणसांस प्राचीन ख्रिस्ती लोकांनीं दिलेलें एक नांव आज आम्ही आपणांपुढें ठेवितों.

'एक्लेसिया' म्हणजे बोलावून जमविलेली सभा. हा ग्रीक शब्द लॅटिन भाषेनें आपलासा केला. इटालियन 'किएसा', फ्रेंच 'एग्लीझ', स्पॅनिश 'इग्लेसिया' व पोर्तुगीज 'इग्रेजा' हीं त्याचींच अपत्यें. स्पेन व पोर्तुगाल ह्या देशांत धर्मग्रामस्थाला 'फिली एक्लेसिये', म्हणजे ख्रिस्तसभेचा पुत्र, असें म्हणत. लोकांच्या तोंडीं हे दोन शब्द एकजीव झाले, 'क्ल' चा 'ग्र' झाला, आणि त्यांतून स्पॅनिश 'फेलिग्रेस' व पोर्तुगीज 'फ्रेगेश' निघाले. 'फ्रेगेश' ह्यांचा समुदाय तो 'फ्रेगेझिया', म्हणजे धर्मग्राम. १५१० सालीं पोर्तुगीजांनीं गोवें घेतलें. त्यांच्या भाषेंतून हा शब्द कोंकणींत येऊन 'फिरगज' झाला, आणि धर्मग्रामस्थ 'फिरगजकार' झाला.

पुढें मात्र एक नवल घडलें. स्पॅनिश 'फेलिग्रेस' आजही धर्मग्रामस्थच आहे. परंतु पोर्तुगीज 'फ्रेगेश' बाजारांत शिरला व त्यास 'गिऱ्हाईक' असा अर्थ आला. पुत्राचें नांव दुकानीं येणाऱ्यास मिळालें!

बंधूंनो, शब्दाचें जें झालें तें आमचें होऊं नये. गिऱ्हाईक पैसे मोजतें, माल पारखतें, आणि मनासारखें न मिळाल्यास दुसरें दुकान धरतें. बाप्तिस्मा, लग्न व मूठमाती एवढ्यापुरतेंच देवळाचें दार ओळखणारा, वर्गणी दिली म्हणून हक्क सांगणारा, मिस्सा लांबली म्हणून कुरकुरणारा, हा गिऱ्हाईकच नव्हे काय? पुत्राची रीत निराळी. आईचें घर गळूं लागलें, तर तो दुसरें घर पाहत नाहीं. शिडी लावून कौलें शाकारतो. आणि आम्हां धर्मगुरूंनींही हें ध्यानीं धरावें, कीं पुत्रांस गिऱ्हाईक समजणारा धर्मगुरु स्वतः दुकानदार होतो.

आमच्या वाडवडिलांनीं हें मंदिर पुत्राच्या नात्यानें उभारिलें. पुढील ज्युबिलीस आपलीं मुलेंबाळें येथें जमतील, तेव्हां तीं पुत्र व कन्या म्हणूनच जमोत, एवढी कृपा प्रभु येशू ख्रिस्त आपणां सर्वांस देवो. आमेन.