मावळ्याच्या पागोट्याचा रंग

दिवाळी जवळ आली की पोरं अंगणात दगडमातीचा किल्ला करतात आणि त्यावर मावळे मांडतात. ते मावळे रंगवायचं काम आमच्या शिरूर आणि दौंडच्या गटांनी घेतलंय, त्याबद्दल आज बोलू.

कुंभाराकडून साच्यातले कोरे मावळे येतात. गणपती उठले की आम्ही ब्रश घेऊन बसतो. पहिल्या वर्षी काही विचार केला नाही. मावळा म्हटला की भगवा, मोगल म्हटला की हिरवा, काम झटपट उरकायचं. दुसऱ्या वर्षी गटातल्या एका मुसलमान ताईंनी ब्रश खाली ठेवला. म्हणाल्या, "माझा पोरगाही किल्ला करतो. त्यानं हिरवे तेवढे सगळे पाडायचे का?" कुणालाच उत्तर सुचेना.

मग आम्ही पुस्तकं काढली, कॉलेजात इतिहास शिकवणाऱ्या एका सरांना गाठलं. महाराजांच्या आरमारात दौलतखान सरदार होते, हे कळलं. 1660 साली सिद्दी जौहरनं पन्हाळ्याला वेढा घातला, तेव्हा महाराजांच्या बाजूनं सिद्दी हिलाल लढले. आणि 1665 साली पुरंदरला वेढा घालायला औरंगजेबानं पाठवले ते मिर्झाराजे जयसिंग, रजपूत! त्यांच्या फौजेला कुठला रंग देणार?

कपड्यांचंही तसंच. तेव्हाच्या फौजेला आजच्या पोलिसासारखा एकसारखा गणवेश नव्हता. ज्याच्या घरी जे असेल ते अंगावर. बिनरंगाचं सुती पांढरं, मळकं. रंग दिलाच तर नीळ, हळद, आल असला झाडापाल्याचा. आमच्या डबीतला झगझगीत गुलाबी कुठून येणार? कारखान्यातला रासायनिक रंग पहिल्यांदा निघाला तोच 1856 साली. फार कशाला, खुद्द महाराजांचं म्हणून भलत्याच माणसाचं चित्र लोक मानत होते. वा. सी. बेंद्रे यांनी खरं चित्र शोधून लोकांपुढं आणलं. मग आम्ही चुकलो त्यात काय नवल, असं म्हणून जरा धीर आला.

सगळ्यात गंमत सभासदाच्या बखरीची. त्यात लिहिलंय, पंचवीस घोडेस्वारांमागं एक पखालवाला आणि एक नालबंद. पाणी वाहणारा! हे ऐकल्यावर आमच्या बाया हसायलाच लागल्या. उन्हाळ्यात टँकरमागं हंडे घेऊन धावणाऱ्या आम्ही. फौजेलाही पाणी कुणीतरी वाहूनच आणलं असणार, हे आधी डोक्यात कसं आलं नाही? कुंभाराकडं तसा साचा नव्हता. एका मावळ्याच्या हातातली तलवार काढून पाठीवर मातीची पखाल चिकटवली.

माल दुकानात नेला तर व्यापारी म्हणाला, "ताई, हे धुवट दिसतात, गिऱ्हाईक हात लावणार नाही." निम्मा माल परत. त्या रात्रीच्या बैठकीत चांगलीच वादावादी झाली. कर्जाचा हप्ता तोंडावर होता. एक मावशी म्हणाल्या, "इतिहास पोट भरतो का?" त्यांचंही खोटं नव्हतं. शेवटी निम्मे मावळे परत भगवे रंगवले. निशाण तर भगवंच होतं, त्याला कुणाची ना नव्हतीच. मात्र शत्रू सरसकट हिरवा करायचा नाही, यावर सगळ्याजणी ठाम राहिलो. दुकानदारानं त्यावर दोन रुपये कमी दिले. घेतले.

उरलेले धुवट मावळे आम्ही जत्रेत आणि शाळेपुढं मांडले. मास्तरांनी नेले, पोरांनी नेले. एक पोरगं विचारत होतं, याच्या हातात तलवार का नाही? पखालीचं सांगितल्यावर त्यानं तोच घेतला.

त्या ताईंच्या मुलानंही एक नेला. दिवाळीत आम्ही त्याचा किल्ला बघायला गेलो. तटावर मावळे, दारात दोन भालाईत, आणि पखालवाला खाली, वाटीच्या तळ्याकाठी वाकून उभा.