आजाराआधीचं रक्त

एरवी आपण रक्त तपासायला देतो ते काहीतरी दुखलं-खुपलं म्हणून. पण ब्रिटनमध्ये २००६ ते २०१० या काळात ४० ते ६९ वयाच्या सुमारे ५ लाख लोकांनी, कुणी डॉक्टरांनी सांगितलेलं नसताना, रक्त आणि लघवीचे नमुने दिले. ‘यूके बायोबँक’ या संशोधन प्रकल्पासाठी.

धडधाकट माणसाचं रक्त कशाला? कारण आजार जडला, औषधं सुरू झाली, की रक्त बदलतं. मग त्यातला एखादा घटक आजाराच्या आधीपासून होता की आजारामुळे आला, हे कळणार कसं? म्हणून बारक्या नळ्यांत भरलेले हे नमुने उणे ८० अंशांवर गोठवून ठेवतात. देणाऱ्यांपैकी कुणाला पुढे दहा-पंधरा वर्षांनी कंपवात झाला, तर त्याचं आजाराआधीचं रक्त तपासता येतं.

गंमत म्हणजे, बोलावणं ९० लाखांहून जास्त लोकांना गेलं होतं. आले शंभरात जेमतेम साडेपाच. आणि तेही सरासरीपेक्षा कमी धूम्रपान करणारे, कमी लठ्ठ! त्यामुळे देशात अमुक आजार किती, हे त्यांच्यावरून ठरवता येत नाही.

नमुन्यावर नाव नसतं, संकेतांक असतो. संमती कधीही मागे घेता येते. आपल्याकडेही ‘जीनोम इंडिया’ प्रकल्पासाठी १० हजार निरोगी भारतीयांच्या जनुकीय आराखड्याचं वाचन झालं. ती माहिती फरिदाबादच्या भारतीय जैविक डेटा केंद्रात साठवली असून जानेवारी २०२५पासून संशोधकांसाठी खुली झाली आहे.