बैठकीचे माप



या व्यासपीठावर आपण संतांचे वाङ्मय ऐकता, शेतीचे आणि राजकारणाचे प्रश्न ऐकता. आज गादीकामाविषयी ऐकावयास आपण उन्हाच्या तडाख्यात जमलात, याचे आम्हांस अप्रूप वाटते. आमचे दुकान धुळ्याचे. मुंबई-आग्रा आणि सुरत-नागपूर हे दोन हमरस्ते आमच्या गावी मिळतात. म्हणून ट्रकच्या बैठका शिवणे हा आमचा घरचाच धंदा.

आपल्या जळगावचेच एक हौशी गृहस्थ मध्यंतरी एक गाडी ट्रकवर घालून आमच्याकडे घेऊन आले. दोन माणसांची, बिनटपाची आणि इतकी बुटकी की, उभ्याने हात खाली सोडला तर दाराच्या कडेला लागावा. इंग्लंडात कॉलिन चॅपमन यांनी १९५७ साली 'लोटस सेव्हन' ही गाडी बाजारात आणली. तिची ही नक्कल. अशा प्रतिकृती जगभर होतात. आपल्या महाराष्ट्रातही अलिबागेस 'चिंकारा' या कारखान्याने त्या धर्तीची गाडी बांधली. अंग फायबरचे आणि इंजिन अँबॅसडर गाडीत बसत असे ते इसुझूचे. या गृहस्थांच्या गाडीला सारे काही होते. बैठका तेवढ्या नव्हत्या.

आम्ही फोटो पाहिला, माप घेतले आणि सवयीप्रमाणे पाच इंचांची गुबगुबीत गादी भरली. दिसावयास सुरेख झाली. मालक आत बसले मात्र, आणि आमचा चेहरा उतरला. गुडघे चाकाला टेकले आणि समोरच्या काचेची वरची पट्टी नेमकी डोळ्यांपुढे आली. रस्ता पाहावयाचा तर मान वाकवावी, नाही तर वारा तोंडावर घ्यावा. ट्रकमध्ये इंचभर गादी वाढली तर कोणी विचारीत नाही. या गाडीत तो इंच माणसाची दृष्टी घेतो!

आमच्याकडचे वृद्ध कारागीर कोपऱ्यातून एवढेच म्हणाले, "पहिले बठीसन दखा." आधी बसून पाहा! मग गादी बाहेर काढली. फोमचे तुकडे मांडून मालकांना तासभर आत बसविले. एक तुकडा काढावा, दुसरा सरकवावा, पाय पेडलवर ठेवून पाहावे. शेवटी उमगले ते असे : बुडाखाली दोन इंच पुरतात, पण तो फोम घट्ट हवा; मऊ फोम दबून पाटाला टेकतो आणि पहिल्याच खड्ड्यात कंबर धरते. मांडीखाली मात्र उंची थोडी वाढवावी, म्हणजे पाय अधांतरी राहत नाहीत. मूळच्या 'सेव्हन'मध्येही बसावयास साधी पातळ गादी आणि पाठीला टेकू, एवढेच असे. ती आम्हांस काटकसर वाटली होती. तो हिशेब होता.

नंतर आली शिवण. जुन्या गाड्यांच्या बैठकीवर उभ्या सऱ्या असतात. आपण कापूसवाले, सरी-वरंबा आपणांस सांगावयास नको. वरंबा फुगीर हवा तर कापड जास्त लागते. एका सरीमागे अर्धा इंच धरला, तरी आठ सऱ्यांना चार इंच झाले. ते आधी न धरता कापड बेतले, तर खोळ फर्म्यावर चढतच नाही.

बिनटपाच्या गाडीत ऊन आणि पाऊस हे दोन बिनतिकिटाचे प्रवासी. वैशाखात काळे रेक्झिन तव्यासारखे तापते, म्हणून आम्ही फिका रंग सुचविला. फोम पाणी पितो, म्हणून खालच्या फळीला भोके पाडली. त्या भोकांचा दुसराही उपयोग आहे. माणूस बसला की आतली हवा त्यांतून निघून जाते. ती कोंडली तर टाके उसवतात.

मुख्य गोष्ट शेवटी. मालक म्हणाले, "बैठक फायबरच्या तळाला स्क्रूने आवळून टाका, काम लवकर होईल." येथे आम्ही हात आखडला. नुसते फायबर ओढ सोसत नाही. गाडी आदळली तर बोल्ट तळ फाडून बाहेर येतो आणि बैठक माणसासकट पुढे जाते. आम्ही सांगाड्याच्या नळ्यांना लोखंडी पट्ट्या जोडून घेतल्या, बैठक त्यांवर बसविली आणि पट्ट्याचे टोकही सांगाड्यालाच अडकविले. त्यात आठ दिवस गेले. मालक रुसले, दुसऱ्या दुकानी जाण्याची भाषाही झाली. पण गिऱ्हाईक गेले तरी चालेल, हे काम असे करावयाचे नाही, असे आम्ही ठरविले होते. टाका उसवला तर पुन्हा घालता येतो. येथे दुसरी संधी नसते. पट्ट्या दाखवून समजावले, तेव्हा त्यांनाही ते पटले.

श्रोतेहो, फोटोवरून गाडीची नक्कल होते. तीत बसणाऱ्या माणसाची नक्कल होत नाही. त्याचे माप त्याला बसवूनच घ्यावे लागते. शाळेचा बाक असो, एस.टी.ची बैठक असो की शिलाई यंत्रापुढचे स्टूल असो, करणाऱ्याने आधी त्यावर बसावे. आमच्या कारागिराच्या तीन शब्दांत एवढेच शास्त्र आहे.