गाडीतून उतरताना : 'गेट ऑफ' की 'गेट डाउन'?

शहापूर तालुक्याचं गाव, पण त्याचं स्टेशन आसनगाव. कसारा लोकल तिथे थांबली, की शहापूरचे प्रवासी उतरतात. मुरबाडकर कल्याणला उतरून एस.टी. धरतात. लोकल असो, एस.टी. असो, रिक्षा असो की मोहाचं झाड, मराठी माणूस सगळीकडून 'उतरतो'.

इंग्रजीत मात्र उतरायच्या तीन तऱ्हा आहेत.

ज्या वाहनात उभं राहता येतं, चार पावलं चालता येतं, त्यातून उतरणं म्हणजे 'गेट ऑफ'. बस, आगगाडी, विमान, जहाज या सगळ्यांना हेच. 'आय गॉट ऑफ ॲट आसनगाव.' ज्यावर टांग टाकून बसतात, त्या सायकललाही 'गेट ऑफ'च. वाकून आत शिरावं लागतं अशा मोटारीला किंवा रिक्षाला 'गेट आउट ऑफ'. 'शी गॉट आउट ऑफ द रिक्षा.' आणि झाडावरून, शिडीवरून, उंचावरून खाली येणं म्हणजे 'गेट डाउन'. चढतानाही हाच हिशोब : बसला 'गेट ऑन', रिक्षाला 'गेट इन'.

आपल्याकडे 'व्हेअर विल यू गेट डाउन?' असं सर्रास विचारतात आणि भारतभर ते समजतंही. इंग्लंड-अमेरिकेत मात्र बसमध्ये कुणी 'गेट डाउन!' असं ओरडलं, तर लोक खाली वाकतील.

आणखी एक बारकावा. 'गेट ऑफ द बस' एवढंच पुरतं. मध्ये 'फ्रॉम' घालायचं कारण नाही. 'गेट आउट'नंतर वाहनाचं नाव घ्यायचं असेल, तर मात्र 'ऑफ' (of) हवंच : 'गेट आउट ऑफ द रिक्षा'. शिवाय 'आय गेट ऑफ ॲट सिक्स' असं कारखान्यातला कामगार म्हणाला, तर तो गाडीतून उतरत नाही. त्याची ड्युटी सहाला सुटते.

राज्यातल्या मराठी शाळांत २००० सालापासून पहिलीपासून इंग्रजी आहे. तरीही अशी क्रियापदं मुलं बहुधा यादी करून पाठ करतात, आणि परीक्षा संपली की विसरतात. शहापूर-मुरबाडच्या शिक्षकांना म्हणूनच आग्रहाची विनंती : हा धडा फळ्यावर नको, एस.टी. स्टँडवर घ्या. मुलांना बसमध्ये चढू द्या, रिक्षातून उतरू द्या, आणि प्रत्येक वेळी ते वाक्य मोठ्यानं म्हणू द्या.