ॲक्रनची चार पोरं



1999 सालचा उन्हाळा. अमेरिकेतल्या फ्लोरिडा राज्यात, ऑर्लँडोला, चौदा वर्षांखालच्या मुलांच्या राष्ट्रीय बास्केटबॉल स्पर्धेचा अंतिम सामना शेवटच्या क्षणांवर आला होता. एका बाजूला दक्षिण कॅलिफोर्नियाचा 'ऑल स्टार्स' हा बलाढ्य संघ. दुसऱ्या बाजूला ओहायो राज्यातल्या ॲक्रन शहराची पोरं, संघाचं नाव 'शूटिंग स्टार्स'. ॲक्रन दोन गुणांनी मागे. चेंडू एका उंच, सडपातळ मुलाच्या हातात आला. पुढे जायला वेळच नव्हता, म्हणून त्याने लांबूनच तो बास्केटकडे भिरकावला. चेंडू रिंगला लागला आणि बाहेर पडला. ॲक्रन हरलं.

त्या मुलाचं नाव लेब्रॉन जेम्स. व्यावसायिक बास्केटबॉलमध्ये, म्हणजे एनबीएत, सर्वाधिक गुणांचा करीम अब्दुल-जब्बारचा विक्रम 2023 साली मोडणारा तोच हा. पण मला आज बोलायचंय ते त्या संघाविषयी. आणि त्यातही, संघातल्या सगळ्यात बुटक्या मुलाविषयी.

आधी हा 'ट्रॅव्हल टीम' प्रकार काय असतो ते सांगतो. आपल्याकडे मुलगा खेळतो तो शाळेच्या नावाने. तालुका, मग जिल्हा, मग विभाग, मग राज्य. बरोबर क्रीडाशिक्षक, एसटीचा प्रवास, कुठल्यातरी शाळेच्या वर्गात सतरंजीवर मुक्काम. अमेरिकेत शाळेचे संघ आहेतच, पण त्याशिवाय वेगळे संघ असतात. ते एखाद्या शाळेचे नसतात. कुणीतरी हौशी प्रशिक्षक, बहुतेक वेळा कुणाचे तरी वडीलच, दहाबारा मुलं गोळा करतात, पालक वर्गणी काढतात आणि शनिवार-रविवार गाडीत घालून मुलांना परगावी, परराज्यात स्पर्धेला नेतात. ज्यांची नातवंडं न्यू जर्सीत किंवा डॅलसला आहेत त्यांनी फोनवर ऐकलंच असेल, "आजी, या वीकएंडला टूर्नामेंट आहे, बोलता येणार नाही." सॉकर असो, बास्केटबॉल असो, तऱ्हा हीच. 1888 साली स्थापन झालेली 'अमॅच्युअर ॲथलेटिक युनियन' ही संस्था अशा संघांच्या वयोगटवार राष्ट्रीय स्पर्धा घेते. ऑर्लँडोचा तो सामना तिच्याच स्पर्धेतला.

ॲक्रन हे एके काळी रबराचं शहर. गुडइयर, फायरस्टोन, गुडरिच, जनरल टायर, सगळे तिथलेच. सत्तर-ऐंशीच्या दशकांत टायरचे कारखाने एकेक करून थंडावले आणि शहरातल्या कामगारवस्त्या ओस पडू लागल्या. गिरणगाव ज्यांनी पाहिलंय त्यांना याहून जास्त सांगायला नको. लेब्रॉन जन्मला 30 डिसेंबर 1984 ला. आई ग्लोरिया तेव्हा सोळा वर्षांची. घर सारखं बदलत होतं. चौथीच्या वर्षात तो किती दिवस शाळेतच गेला नाही याचे आकडे नंतर चरित्रकारांनी मोजले, आणि ते ऐंशीच्या पुढे जातात. मग फ्रँक वॉकर नावाच्या फुटबॉल प्रशिक्षकाने त्याला आपल्या घरी राहायला आणलं आणि गाडी रुळावर आली.

संघ उभा केला ड्रू जॉइस यांनी. हे गृहस्थ एका खाद्यपदार्थांच्या कंपनीत विक्रीच्या कामावर होते. त्यांचा स्वतःचा खेळ बास्केटबॉल नव्हेच. अमेरिकन फुटबॉलचे वेडे. पण मुलाला बास्केटबॉलचा नाद लागला, म्हणून बापाने पुस्तकं वाचली, प्रशिक्षणवर्ग केले आणि तो खेळ शिकून घेतला. मुलाचं नावही ड्रूच. त्यामुळे घरादारात, मैदानावर त्याला सगळे 'लिटल ड्रू' म्हणत. आपण छोटा ड्रू म्हणू. आणि तो छोटा होताच. वडिलांशी एकास एक खेळायला लागला की हरला तरी थांबायचा नाही. आणखी एक डाव, आणखी एक डाव. संघातल्या मुलांनी त्याला 'जनरल' म्हणायला सुरुवात केली, कारण कोण कुठे उभा राहील, कुणी कुठे धावायचं हे तो मैदानावर ओरडून सांगत असे आणि चुकलात तर तुमची खैर नसे.

तिसरा सायन कॉटन, अंगाने दांडगा, मुळात फुटबॉलचा गडी. त्याचे वडील ली कॉटन हे जॉइस यांचे मदतनीस. नंतर आला विली मॅगी, शिकागोहून मोठ्या भावाकडे राहायला आलेला, अबोल. सराव चालायचा साल्व्हेशन आर्मी या ख्रिस्ती सेवासंस्थेच्या एका छोट्या हॉलमध्ये. मैदान मापापेक्षा आखूड आणि खाली लाकडाऐवजी लिनोलियम. पैशांसाठी मुलांनी गाड्या धुतल्या, दारोदार हिंडून वस्तू विकल्या.

पहिली मोठी स्पर्धा, मुलं अकराएक वर्षांची असताना, फ्लोरिडातल्या कोको बीचला. ॲक्रनहून रस्त्याने सुमारे दीड हजार किलोमीटर. मुंबईहून दिल्लीपेक्षा थोडं जास्तच. एवढा प्रवास मिनीव्हॅनमध्ये, मागे बसलेल्या पोरांचा गोंधळ सोसत. चौसष्ट संघ आले होते, त्यांत हे नववे आले. नववा म्हणजे बक्षीस नाही, वर्तमानपत्रात नाव नाही. पण आखूड मैदानावर शिकलेल्या संघासाठी हे काही थोडं नव्हे, आणि ही मुलं पुढे काहीतरी करणार असं जॉइस यांना त्याच वेळी वाटून गेलं.

मला विचाराल तर, या संघाच्या आयुष्यातली सगळ्यात मोठी घटना कुठल्याच स्पर्धेत घडली नाही. ती घडली 1999 सालीच, शाळा निवडताना.

आठवी संपत होती. चौघांनी ठरवलेलं होतं की हायस्कूलला एकत्र जायचं. आणि कुठे जायचं याबद्दलही कुणाला शंका नव्हती. पश्चिम ॲक्रनच्या कृष्णवर्णीय वस्तीतली बुक्टेल शाळा, खेळात नावाजलेली. इतकंच काय, ड्रू जॉइस यांना बुक्टेलने सहायक प्रशिक्षक म्हणून घेतलंसुद्धा होतं. आता बाप आला म्हणजे पोरं येणारच, आणि लेब्रॉनही येणार, असा साधा हिशोब.

पण छोटा ड्रू बुक्टेलच्या मैदानावर खेळून आला आणि त्याच्या लक्षात आलं की आपल्याला इथे मुख्य संघात घेणार नाहीत. उंची जेमतेम पाच फूट. पहिलं वर्ष कनिष्ठ संघात, मग बघू, असा प्रकार. दर रविवारी ॲक्रनच्या ज्यू समाजकेंद्रात कीथ डॅम्ब्रॉट नावाचा प्रशिक्षक शिबिर घ्यायचा, तिथे हा मुलगा जात असे. डॅम्ब्रॉट विद्यापीठस्तरावर शिकवलेला माणूस. पण सेंट्रल मिशिगन विद्यापीठातली त्याची नोकरी 1993 मध्ये गेली होती, ड्रेसिंग रूममध्ये वर्णवाचक शब्द वापरल्याबद्दल. नंतर सेंट व्हिन्सेंट-सेंट मेरी या कॅथलिक शाळेने त्याला संघ दिला. त्याला छोट्या ड्रूची उंची दिसत नव्हती, खेळ दिसत होता.

ड्रूने वडिलांना सांगितलं, मी बुक्टेलला जात नाही. त्या बापाची अवस्था काय झाली असेल ते तुम्हीच बघा. नोकरी बुक्टेलची, आणि पोरगा म्हणतो दुसरीकडे. पण जॉइस यांनी त्याला अडवलं नाही. मग सायन म्हणाला मीही येतो. विली म्हणाला मीही. आणि लेब्रॉन, ज्याच्यासाठी कुठलीही शाळा पायघड्या घालायला तयार होती, तोही त्या बुटक्याच्या मागे गेला.

शाळा बहुसंख्य गोऱ्या मुलांची, अभ्यासाला कडक. वस्तीत संताप झाला. आपल्या पोरांनी आपल्याला सोडून गोऱ्यांची शाळा धरली, हा विश्वासघात आहे असं उघड बोललं गेलं. चौदा वर्षांच्या मुलांनी ते ऐकून घेतलं.

मार्च 2000. कोलंबस शहरात ओहायोच्या शालेय अजिंक्यपदाचा अंतिम सामना. सेंट व्हिन्सेंट-सेंट मेरी एकही सामना न हरता तिथवर आलेली. जेम्सटाउन ग्रीनव्ह्यू शाळेविरुद्ध छोटा ड्रू मैदानावर उतरला. प्रेक्षकांना तो कुणाचा तरी धाकटा भाऊ वाटावा इतका लहान दिसत होता. त्याने तीन गुणांच्या रेषेबाहेरून सात वेळा चेंडू मारला आणि सातही बास्केट झाले. सात प्रयत्न, एकवीस गुण, एकही चूक नाही, आणि अजिंक्यपद शाळेचं. बास्केटबॉल खेळलेल्यांना कळेल, मोकळ्या हॉलमध्ये एकट्याने सराव करतानाही हे रोज जमत नाही.

पुढचं थोडक्यात सांगतो. 2001 ला पुन्हा राज्याचं अजिंक्यपद. त्याच वर्षी डॅम्ब्रॉट ॲक्रन विद्यापीठात गेले आणि शाळेचा संघ थोरल्या जॉइस यांच्याकडे आला. दुसऱ्या वर्षापासून पाचवा गडी मिळाला होता, रोमिओ ट्रॅव्हिस. सुरुवातीला या चौघांशी त्याचं अजिबात जमत नव्हतं. 2002 ला अंतिम सामन्यात हार. पोरं तोवर डोक्यावर बसली होती, लेब्रॉनचा फोटो मासिकाच्या मुखपृष्ठावर आला होता, आणि तेच त्यांना भोवलं; माझ्या मते ते योग्यच झालं. 2003 ला मात्र राज्याचं अजिंक्यपद परत मिळवलं आणि 'यूएसए टुडे' या दैनिकाच्या देशभरच्या शालेय क्रमवारीत संघ पहिला आला. ऑर्लँडोत दोन गुणांनी हुकलेलं देशातलं पहिलं स्थान असं चार वर्षांनी मिळालं. त्यानंतर लेब्रॉन थेट शाळेतून क्लीव्हलँडच्या व्यावसायिक संघात.

आजच्या ट्रॅव्हल संघांत असं घडणं कठीण आहे. उंच, चपळ मुलगा दिसला की बारातेराव्या वर्षीच त्याला दुसरा संघ उचलतो, पुढच्या हंगामात तिसरा. बूटकंपन्यांच्या नावाने स्पर्धा चालतात, विद्यापीठांचे लोक कडेला बसून टिपणं काढत असतात, आणि पालकांना वाटतं पोराचं नाव झालं पाहिजे, संघाचं काय एवढं. यात पालकांची चूक आहे असं मी म्हणणार नाही; शिष्यवृत्ती मिळाली तर घराचं कर्ज वाचतं. आणि लेब्रॉन तरी कुठे सोवळा होता? शाळेत असतानाच उन्हाळ्यात तो कॅलिफोर्नियातल्या ऑकलंडच्या 'सोल्जर्स' संघाकडूनही खेळला. पण शाळा निवडायच्या वेळी, ज्या निर्णयाने चार वर्षं ठरणार होती त्या वेळी, सगळ्यात उंच पोराने सगळ्यात बुटक्याचं ऐकलं. त्या निर्णयात कुणा कंपनीचा किंवा दलालाचा हात नव्हता. मिनीव्हॅनच्या मागच्या बाकावर वर्षानुवर्षं शेजारी बसल्यावर कोण किती पाण्यात आहे हे मुलांना मोठ्यांपेक्षा जास्त कळतं.

या पोरांवर 'मोअर दॅन अ गेम' हा माहितीपट निघाला, पुस्तक निघालं, 2023 साली चित्रपटही. सायन ओहायो स्टेट विद्यापीठात फुटबॉल खेळायला गेला. विली पुढे त्याच सेंट व्हिन्सेंट-सेंट मेरी शाळेचा क्रीडा संचालक झाला. रोमिओ परदेशातल्या संघांकडून खेळला. थोरले जॉइस शाळेच्या संघाला वीसहून अधिक वर्षं शिकवत राहिले.

आणि छोटा ड्रू ॲक्रन विद्यापीठात डॅम्ब्रॉट यांच्याच हाताखाली खेळला, मग अनेक वर्षं युरोपात व्यावसायिक म्हणून. नंतर तो प्रशिक्षक झाला आणि पिट्सबर्गच्या ड्यूकेन विद्यापीठात पुन्हा डॅम्ब्रॉट यांच्याकडेच मदतनीस म्हणून गेला. 2024 च्या मार्चमध्ये ड्यूकेन 1977 नंतर पहिल्यांदा राष्ट्रीय विद्यापीठ स्पर्धेत पोचलं आणि पहिलाच सामना जिंकलं. त्या संघाला लेब्रॉनने बूट पाठवले होते. स्पर्धा संपली, डॅम्ब्रॉट निवृत्त झाले आणि विद्यापीठाने मुख्य प्रशिक्षकाची जागा ड्रूला दिली.